शेवटून दुसरं घर

गाडी निघून वीस मिनिटं झाली, तरी वहिनींना सारखं वाटत होतं की काहीतरी घरी राहिलंय. पाण्याच्या बाटल्या होत्या. माईंची उशी होती. बबीने छापून आणलेली तीन कॉटेजची यादी होती, आणि ती हरवली तर असावी म्हणून तिची दुसरी प्रतही होती. मग राहिलं काय, ते काही त्यांना उमगेना.

इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला ते लगेच कळायला हवं होतं. पण वहिनींच्या डोक्यात त्या रविवारी एकच गोष्ट घुमत होती. आज घर पक्कं झालंच पाहिजे.

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत हे कुटुंब चारदा सहलीला गेलं, आणि चारही वेळा अप्पा ऐन वेळी “तुम्ही पुढे व्हा, मी आलोच” म्हणून मागे राहिले. कुणाची तरी किल्ली घराच्या आत आणि माणूस बाहेर. मग कुलूपवाल्याला, म्हणजे अप्पांना, फोन. आलोच म्हणणारे अप्पा एकदाही आले नाहीत; एकदा तर परतीच्या दिवशी ते स्टेशनवर घ्यायला आले आणि “कशी झाली आपली सहल?” असं विचारते झाले. तेव्हा या खेपेला वहिनींनी जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. आठ दिवस, पाचही जण, एका छपराखाली. अप्पा नसतील तर सहल रद्द, आणि मग मी एकटी माझ्या बहिणीकडे जाईन. किती दिवसांसाठी, ते तिथे गेल्यावर कळवीन.

अप्पा त्यावर “हो, हो” म्हणाले होते. त्यांचं “हो, हो” म्हणजे काय, ते वहिनींना चांगलं ठाऊक होतं.

शिवाय या घरात एखादी गोष्ट ठरायची म्हणजे नुसतं हो म्हणून भागत नसे. वहिनींच्या सासऱ्यांनी एक रीत घालून ठेवली होती. प्रत्येकाने आपली घराची किल्ली टेबलावर ठेवायची. सगळ्या किल्ल्या टेबलावर आल्या की गोष्ट ठरली. एक जरी खिशात राहिली, तरी मोडली. या रीतीपायी बाहेरच्या खोलीचा रंग गेली नऊ वर्षं ठरत नव्हता.

“वहिनी, मी आधीच सांगून ठेवतो,” गाडी चालवता चालवता भावजी म्हणाले. दिराची उभी हयात बस चालवण्यात गेली होती आणि जगातल्या कुठल्याही जागेबद्दल त्यांचं मत एकाच गोष्टीवरून बनत असे. “गाडी वळवायला जागा नसेल तर माझी किल्ली खिशात.”

“आणि माझी, पायऱ्या असतील तर,” मागून माई म्हणाल्या. त्या एकोणऐंशीच्या होत्या, पण गाडीत सगळ्यात जास्त जागा त्यांनीच व्यापली होती.

“मला फक्त शांत पाहिजे,” बबी म्हणाली. ती दाताच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवायची आणि दिवसभर घासायच्या यंत्राचा आवाज ऐकायची. “अप्पा, तुम्हाला काय पाहिजे?”

“मला काय, कुठलंही चालेल,” अप्पा म्हणाले.

वहिनींनी खिडकीतून बाहेर बघितलं. कुठलंही चालेल म्हणणारा माणूसच सगळ्यात महागात पडतो.

झालंही तसंच. पहिलं कॉटेज तळ्याच्या काठावर होतं. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, समोर पाणी, पाण्यात दोन बदकं. भावजींनी गाडी एका दमात वळवली आणि खूश होऊन पुन्हा एकदा वळवून दाखवली. माई खुर्चीत बसल्या त्या उठायला तयार होईनात. चार किल्ल्या टेबलावर आल्या. अप्पा अजून दाराशीच उभे होते.

“याला कुलूप म्हणायचं?” दारावरच्या आकड्यांच्या पट्टीकडे बघत ते म्हणाले. “हा तर कॅल्क्युलेटर आहे.”

“अहो, आपण इथे राहायला येणार आहोत, की त्या कुलपाचं लग्न लावायला?”

“मला झोप लागणार नाही इथे. वीज गेली की संपलं.”

“दादा, तुला आपल्या घरी तरी कुठे झोप लागते?” भावजी म्हणाले. पण अप्पांचा हात काही खिशातून बाहेर आला नाही.

दुसरं कॉटेज टेकडीवर निघालं. पायऱ्या बासष्ट. खालूनच माईंनी जाहीर केलं की वर स्वर्ग असला तरी आत्ता घाई नाही. बाकीचे तिघे वर चढले आणि वहिनी सासूबाईंसोबत खालच्या बाकावर बसल्या. थोड्या वेळाने वरून अप्पांचा आवाज आला, “हे कुलूप सुटकेसचं आहे! सुटकेसचं!” आणि वहिनींचा संयम सुटला.

“बघितलंत माई? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. यायचं नाही तर सरळ सांगावं ना. कुलपांना कशाला नावं ठेवायची?”

“त्याला यायचं नाहीच आहे,” माई शांतपणे म्हणाल्या.

“ते काय मला माहीत नाही? दुकान सोडवत नाही त्यांना.”

“का सोडवत नाही, ते विचारलंस कधी?”

माईंनी उशी पाठीमागे नीट केली. अवघड बोलायचं असलं की त्या आधी उशी नीट करत.

“मी दिवसभर खिडकीत बसते. दुकान माझ्या नाकासमोर. दोन महिन्यांत किती गिऱ्हाइकं आली सांगू? एका हाताची बोटं पुरून उरतील. हा सकाळी शटर वर करतो, भिंतीवरची जुनी कुलपं काढतो, तेल घालतो, पुसतो, परत टांगतो. दुसऱ्या दिवशी परत तीच कुलपं.”

“पण संध्याकाळचे कॉल असतात की. परवासुद्धा अर्धा चहा टाकून गेले.”

“फोन वाजला होता?”

परवा फोन वाजला नव्हता. तेरवाही नव्हता. आणि आज रविवार, लोक दार ओढून घेऊन बाहेर अडकायचा हक्काचा दिवस, सकाळपासून गाडीत तो एकदाही वाजला नव्हता. काय राहून गेलंय ते त्यांना आता कळलं. दिवसभर लोकांचे फोन जोडून देणाऱ्या बाईला आपल्याच घरातला फोन मुका झालेला कळू नये, याची त्यांना इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“कुठे जातात मग?”

“कोपऱ्यावरच्या बाकावर बसून येतो. वरून दिसतं मला. तासभर बसतो आणि हात काळे करून येतो.”

“मला का नाही सांगितलं त्यांनी?”

“अगं, चालू दुकानात बसलं की उद्या कुणी येईल असं म्हणता तरी येतं. आठ दिवस बंद ठेवलं आणि परत आल्यावर एकानेही विचारलं नाही की कुठे होता, मग? त्याला ते बघायचं नाहीये.” माईंनी सुनेच्या हातावर हात ठेवला. “मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. आई चुगल्या करते म्हणेल.”

वरून तिघे उतरत होते. अप्पा सगळ्यात मागे होते, कठड्याला धरून, एकेक पायरी. वहिनींना सकाळपासून या माणसाचा राग येत होता. तो आता शोधूनही सापडेना. उलट इतकं भरून आलं की त्यांनी उगाचच पर्स उघडून आत बघितलं. राहू दे ती सहल, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं.

“आई, एकच उरलंय,” बबी म्हणाली. “जायचं ना?”

“एवढे आलोय तर बघू,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली धार गेलेली बघून भावजींनी आरशातून दोनदा मागे पाहिलं.

तिसऱ्या घराचा पत्ता एजंटने फोनवर सांगितला होता. गल्लीतलं शेवटून दुसरं घर. गल्ली उताराची, दोन्हीकडे झाडी, घरं बैठी. भावजींनी वरच्या तोंडाशीच गाडी लावली आणि सगळे चालत निघाले. बबी एजंटशी फोनवर बोलत होती. किल्ली शेजारच्या बाईंकडे ठेवलीय, पण त्या कुठेतरी गेल्यात, थोडं थांबा, असं तो सांगत होता.

आणि अप्पा थांबले. एका दारासमोर.

“अरे वा,” ते म्हणाले. सकाळपासूनचा हा त्यांचा पहिला चांगला शब्द होता. “हे बघ कुलूप. सहा लिव्हरचं आहे. असलं आता कुणी बनवत नाही. हेच घर.”

अप्पा हेच घर म्हणाले म्हटल्यावर कुणी मोजायला गेलं नाही. ते घर शेवटून तिसरं होतं. त्याच्या पलीकडच्या घराच्या कुंपणावर ‘सुट्टीसाठी भाड्याने’ अशी हातभर पाटी लटकत होती. ती पाचांपैकी एकालाही दिसली नाही, कारण पाचही जण वाकून कुलूप बघत होते. असली चूक करायला चार पिढ्या कुलपांत जाव्या लागतात.

“किल्ली येईपर्यंत उघडून बघू का, विचार त्याला,” अप्पा म्हणाले.

बबीने विचारलं. एजंटला ती थट्टा वाटली असावी. “म्हणतायत, उघडत असेल तर खुशाल उघडा.”

अप्पांनी कोटाच्या आतल्या खिशातून कातडी पाकीट काढलं. हत्यारं घरी ठेवून येण्याचं त्यांनी वहिनींना सकाळी वचन दिलं होतं. वहिनींनी ते पाकीट बघून न बघितल्यासारखं केलं. अप्पा गुडघ्यावर बसले, कुलपाला कान लावला, वाकडी तार आत सरकवली आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून मावळल्या. “आत काहीतरी अडकलंय... बरेच दिवस उघडलेलं नाही हे... थांब, थांब राजा, घाई नको.” हे ते कुलपाला म्हणत होते. वहिनींना या सुरात ते फारच क्वचित काही म्हणाले असतील. सात मिनिटांनी एक गंजलेला धातूचा तुकडा त्यांच्या तळहातावर पडला. आणखी तीन मिनिटांनी दार उघडलं.

आतलं घर बघून सगळे गारच झाले. मोठी खिडकी, खिडकीत ऊन, उन्हात कुंड्याच कुंड्या. मऊ सोफा, भिंतभर पुस्तकं. माई सोफ्यात बसल्या आणि अर्ध्या आत गेल्या. भावजींनी मागचं आवार बघून बस वळेल असा निर्वाळा दिला. बबी खिडकीशी डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, “ऐका. काहीच ऐकू येत नाहीये.”

“काय सामान ठेवलंय बघा,” भावजी म्हणाले. “चहाची भांडीसुद्धा वापरातली वाटतात. घरगुती अगदी.”

मग टेबलावर किल्ल्या पडायला लागल्या. भावजींची. बबीची. माईंची. वहिनींनी आपली ठेवली आणि मुद्दामच अप्पांकडे बघितलं नाही. पाचवा आवाज झाला. अप्पांची किल्ली टेबलावर होती. पाचही किल्ल्या एकदम टेबलावर, हे त्या कुटुंबाने नऊ वर्षांनी बघितलं. भावजींनी टाळी वाजवली, माईंनी “आता रंगाचंही घ्या उरकून” म्हटलं, आणि नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून एक बाई आत आल्या. अंगात मातीने भरलेला एप्रन, पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातात रोपांचा ट्रे.

बाईंनी सोफ्यातल्या माईंकडे बघितलं, टेबलावरच्या किल्ल्यांकडे बघितलं, आणि ट्रे छातीशी धरला.

“नमस्कार,” वहिनी बोर्डावरच्या आवाजात म्हणाल्या. या आवाजाने त्यांनी इस्पितळात भल्याभल्यांना शांत केलं होतं. “घाबरू नका. आम्ही कॉटेज बघायला आलोय.”

“कॉटेज पलीकडे आहे,” बाई म्हणाल्या. “हे माझं घर आहे.”

माई सोफ्यातून उठू लागल्या आणि उठता येईना. बबीने चेहरा हातांत लपवला. भावजी किल्ल्या गोळा करायला लागले, तर घाईत दोन खाली पडल्या.

“पण तुम्ही आलात कुठून?” बाईंनी विचारलं. “मागचं दार तर मी आत्ता उघडलं.”

“पुढून,” अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “माफ करा. चूक माझी. मी कुलूपवाला आहे. मी उघडलं.”

बाईंनी ट्रे खाली ठेवला. त्या दारापाशी गेल्या. उघड्या दाराला हात लावून बघितला. पुढे ढकललं, मागे ओढलं, बाहेर गेल्या, आत आल्या, पुन्हा बाहेर गेल्या.

“सहा वर्षं,” त्या उंबऱ्यावरून म्हणाल्या. “सहा वर्षं झाली किल्ली आत तुटून. तीन माणसं येऊन गेली. एक म्हणाला कुलूप फोडा, दुसरा म्हणाला दार फोडा, तिसरा म्हणाला बाई, मागचं दार काय वाईट आहे? रोपवाटिकेतून दमून आले की मी माझ्याच घरात चोरासारखी मागून शिरते. आणि तुम्ही एक ओरखडासुद्धा पाडला नाहीत!”

“ओरखडा कशाला पडेल?” अप्पा म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

पुढच्या पंधरा मिनिटांत चोरांचे पाहुणे झाले आणि चहा आला. कॉटेजची किल्ली ज्या शेजारच्या बाईंकडे होती, त्या याच. ती एप्रनच्या खिशातच होती. “काखेत कळसा,” माई म्हणाल्या आणि दुसरा कप मागितला. मग सगळे पलीकडे जाऊन खरं घर बघून आले. ते साधं होतं. दोन खोल्या, एक व्हरांडा, बाकावर ऊन. सोफा माईंना गिळेल एवढा मऊ नव्हता, आणि कुलूप तर चमच्यानेही उघडलं असतं. चौघांनी श्वास रोखून अप्पांकडे बघितलं. अप्पांनी ते कुलूप दोन बोटांनी हलवलं, पण नावं ठेवायची त्यांना उसंतच मिळाली नाही.

कारण बाईंनी पुढचं दार उघडून गल्लीत बातमी सांगितली होती. एक निवृत्त मास्तर पत्र्याची ट्रंक ओढत आले. तिची किल्ली बदली होताना हरवली होती, आणि बदली होऊन बावीस वर्षं झाली होती. त्यांच्यामागे बेकरीवाला आला, दोन्ही हातांत कुलपं घेऊन.

“आणि हे तर काहीच नाही,” बाई म्हणाल्या. “वरच्या आळीत शाळेचं कपाट आहे, गिरणीतली तिजोरी आहे. तुम्ही या तर खरे आठ दिवस, आम्ही तुम्हाला बसू देणार नाही!”

अप्पा हसले. वहिनींनी ते हसू बघितलं. गेल्या वर्षभरात ते दिसलं नव्हतं, आणि दिसलं नव्हतं हेही त्यांना दिसल्यावरच कळलं. त्यांच्या मनात एकदम दोन गोष्टी आल्या. आपले आठ दिवस गेले, हे कळलं. व्हरांड्यात दोघांनी बसायचं, काही न करता बसायचं, ते गेलं. आता या माणसाच्या पाठीकडे बघत चहा प्यायचा. आणि त्याच वेळी वाटलं, जाऊ देत की. पाठ तर पाठ. निदान ताठ तरी आहे.

“अहो, सांगा त्यांना हो म्हणून,” त्या म्हणाल्या. “माझी काही हरकत नाही.”

भावजी आणि बबी दोघेही त्यांच्याकडे बघतच राहिले. अप्पांनीही बघितलं, जरा जास्त वेळ. मग त्यांनी आईकडे बघितलं. माई झाडावरचा एक पक्षी अतिशय लक्ष देऊन बघत होत्या, आणि त्या झाडावर पक्षी नव्हता.

“आई बोलली वाटतं,” अप्पा हळूच म्हणाले.

वहिनीही त्याच झाडाकडे बघू लागल्या.

अप्पांनी कोट काढून व्हरांड्याच्या बाकावर ठेवला आणि बाह्या सरसावल्या. “मास्तर, ट्रंक इकडे घ्या. तुमचीही कुलपं द्या हो. आत्ता बसतो. उजेड आहे तोवर होतील तेवढी करून देतो. गिरणीची तिजोरी मोठं काम आहे, त्याला मी पुढच्या महिन्यात वेगळा येईन.”

“पुढच्या महिन्यात कशाला?” बाई म्हणाल्या. “त्या आठ दिवसांत तुम्ही इथेच तर असणार.”

“असणार ना,” अप्पा म्हणाले. “पण त्या आठवड्यात दुकान बंद आहे.”

एकतीस वर्षांत वहिनींनी हे वाक्य ऐकलं नव्हतं. नेहमीच्या आवाजात म्हटलेलं, जसं काही ते दर वर्षी बंद असतं.

“बंद म्हणजे अगदी बंद?” बेकरीवाल्याने हिरमुसून विचारलं.

“अगदी बंद. हिच्याबरोबर बसायचंय मला.”

वहिनींचे डोळे भरून आले, आणि ते दिराने बघू नयेत म्हणून त्यांनी तोंड फिरवलं, तर समोर बबी होती आणि तिचेही भरलेले होते.

“तोंड काय बघता एकमेकींचं?” माई म्हणाल्या. “फोन लावा त्या एजंटला. याचं मन बदलायच्या आत.”

वहिनींनी फोन लावला. नाव, तारखा, सगळं त्यांनी बोर्डावरच्या सवयीने एका दमात सांगितलं. एजंटने माणसं किती ते विचारलं.

“पाच,” वहिनी म्हणाल्या. “पाचही जण येतोय.”

एजंटला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याने पाच लिहून घेतलं.